कार्ल्सबर्ग पर्वतरांग आणि न दिसणारा समुद्रतळ वाचण्याची विद्या

देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रतळाचा कारभार आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण पाहतं. सप्टेंबर २०२५मध्ये भारताने त्याच्याशी एक करार केला. हिंदी महासागराच्या वायव्य भागात कार्ल्सबर्ग नावाची एक पर्वतरांग पाण्याखाली आहे. तिच्यावरच्या १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात तांबं, जस्त, सोनं, चांदी असलेल्या खनिजांचा शोध घेण्याचा हक्क या कराराने भारताला मिळाला. बातम्यांचा सगळा भर सोन्या-तांब्यावर होता. पण समुद्रात पर्वतरांग आली कुठून, तीन-चार किलोमीटर पाण्याखाली काय आहे हे कळतं कसं, आणि खनिजं नेमकी तिथेच असतील असं कशावरून, हे साधे प्रश्न तसेच राहिले.

मला या बातमीत खनिजांपेक्षा मोठी गोष्ट दिसते. समुद्राचा तळ पसरतो आणि खंड सरकतात, हे सिद्ध करणाऱ्या कल्पनेला ज्या मोजमापांनी जन्म दिला ती याच रांगेवर झाली होती. सह्याद्रीचा काळा कातळ, कोकणचा किनारा, लक्षद्वीप आणि हजारो किलोमीटर दूरचं सेशेल्स यांचं एकमेकांशी काय नातं आहे, याचा पुरावाही तिच्या दोन्ही बाजूंच्या तळात आहे. तो पुरावा कसा मिळवतात हे समजलं, तर खनिजांची बातमीही जास्त नीट वाचता येते.

समुद्राच्या मधोमध पर्वत कसा?

पृथ्वीचं वरचं कठीण आवरण एकसंध नाही. त्याचे लहानमोठे तुकडे आहेत आणि ते वर्षाला काही सेंटीमीटर सरकत असतात. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. दोन भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर जातात तिथे खालचा तप्त खडक वर येतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, त्यामुळे त्याचा काही भाग वितळतो. हा शिलारस फटीत थिजला की नवा समुद्रतळ तयार होतो.

नवा तळ गरम असतो, म्हणून फुगलेला आणि उंच असतो. फटीपासून दूर सरकत जाईल तसा तो थंड होतो, आकसतो, जड होतो आणि हळूहळू खचतो. फटीच्या दोन्ही बाजूंना डोंगर उभे दिसतात ते यामुळे. जगातल्या सगळ्या महासागरांतून जाणारी ही रांग सुमारे ६५,००० किलोमीटर लांब आहे. कार्ल्सबर्ग हा तिचा एक भाग. एडनच्या आखाताच्या पूर्वेपासून ती आग्नेयेकडे विषुववृत्ताच्या थोडं पलीकडे जाते. तिच्या ईशान्येला भारताचा भूपट्ट, नैर्ऋत्येला आफ्रिकेच्या बाजूचा सोमाली भूपट्ट. दोघांमधलं अंतर आजही वर्षाला साधारण दोन ते तीन सेंटीमीटर वाढतं आहे.

नाव डेन्मार्कमधून आलं. १९२८ ते १९३० या काळात ‘दाना’ हे डॅनिश जहाज पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं होतं. कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानने त्या मोहिमेला पैसा दिला होता, म्हणून रांगेला हे नाव पडलं. पुढे १९३३-३४मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून सिमोर स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्राची पाहणी झाली. हे स्यूएल त्याआधी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे प्रमुख होते. रांगेच्या माथ्यावरून एक लांबलचक खोल दरी जाते आणि ती पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीसारखी दिसते, हे या मोहिमेनंतर लिहिलंही गेलं. त्याचा अर्थ लागायला मात्र आणखी तीस वर्षं जावी लागली.

दिसत नाही, तर ऐकायचं

समुद्राच्या पाण्यात सूर्यप्रकाश काही शे मीटरांत संपतो. रेडिओलहरी तर त्याहून लवकर विरतात, म्हणून रडार तिथे निरुपयोगी ठरतं. आवाज मात्र पाण्यातून दूरवर आणि वेगाने जातो. मडकं घेताना आपण ते बोटाने वाजवून बघतो. आतली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळते. सागरी सर्वेक्षणाचा मोठा भाग याच कृतीचा विस्तार आहे: वरून ठोका द्यायचा आणि परत येणारा आवाज ऐकायचा.

पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. जहाजाच्या बुडाला बसवलेल्या यंत्राने ध्वनीचा एक ठोका दिला आणि चार सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर आवाजाने जाऊन-येऊन ६,००० मीटर कापले. म्हणजे तळ ३,००० मीटर खाली आहे. जुन्या यंत्रांत एकच ठोका सरळ खाली जायचा, त्यामुळे जहाजाच्या वाटेखालची एकच रेष कळायची. आता वापरतात ते मल्टिबीम सोनार. ते एकाच वेळी शेकडो अरुंद ध्वनिकिरण पंख्यासारखे दोन्ही बाजूंना सोडतं आणि खोलीच्या कितीतरी पट रुंदीचा पट्टा एका फेरीत मोजतं. जहाज समांतर रेषांत पुढे-मागे जात राहतं आणि पट्ट्याला पट्टा जोडत नकाशा तयार होतो.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण यातली मेहनत दुरुस्त्यांमध्ये असते. आवाजाचा वेग पाण्याचं तापमान, खारटपणा आणि दाब यांनुसार बदलतो. वेगात एका टक्क्याची चूक झाली, तर ३,००० मीटर खोलीवर ३० मीटरची चूक होते, म्हणजे एखादी दहामजली इमारत नकाशावरून गायब होते किंवा नसलेली उभी राहते. म्हणून सर्वेक्षणाच्या मध्ये-मध्ये पाण्यात उपकरण सोडून थराथरातला वेग मोजतात. लाटांवर जहाज डोलतं, कलतं, वर-खाली होतं, त्याची प्रत्येक हालचाल क्षणाक्षणाला नोंदवून हिशेबातून वजा करतात.

ही यंत्रं नव्हती तेव्हाही तळाचा आकार काढणारी माणसं होती. अमेरिकेत मेरी थार्प यांनी १९५०च्या दशकात इतरांनी जहाजांवरून आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकचा तळ कागदावर उतरवला. त्या काळी संशोधन-जहाजांवर बायकांना घेत नसत. रांगेच्या माथ्यावर त्यांना सलग दरी दिसली. सुरुवातीला त्यांच्या सहकाऱ्यांनाही ते पटलं नाही. भूकंपांची ठिकाणं त्याच प्रमाणावर मांडली तेव्हा ती नेमकी त्या दरीतच बसली. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत, म्हणजे १९५९ ते १९६५ या काळात, अनेक देशांच्या जहाजांनी आपल्या समुद्रांची मोजमापं केली. थार्प आणि त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन यांच्या कामावरून १९६७मध्ये हिंदी महासागराच्या तळाचं चित्र प्रसिद्ध झालं. लक्षद्वीपपासून दक्षिणेकडे उतरणारी रांग, बंगालच्या उपसागरापासून सरळ दक्षिणेला जाणारी दुसरी रांग, हे सगळं सामान्य वाचकाने प्रथम त्यात पाहिलं.

कातळात थिजलेली दिशा

खोलीच्या नकाशातून आकार कळतो, वय कळत नाही. वय कळलं ते चुंबकत्वामुळे, आणि माझ्या मते या विद्येतला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे.

समुद्रतळाचा खडक मुख्यतः बेसाल्ट आहे, सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा, त्याच जातीचा. त्यात लोहयुक्त खनिजांचे बारीक कण असतात. शिलारस थिजून ठरावीक तापमानाच्या खाली आला की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि मग कोट्यवधी वर्षं ती सोडत नाहीत. आता दुसरी गोष्ट. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं. होकायंत्राची सुई आज उत्तरेकडे वळते, तशी काही काळ दक्षिणेकडे वळत असे. शेवटची उलटापालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. फ्रान्सचे बर्नार ब्रुन यांना १९०६मध्ये उलट दिशेचा लाव्हा सापडला आणि जपानचे मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९मध्ये अशा उलटापालटीचा पुरावा मांडला.

समुद्रात ही दिशा मोजण्यासाठी मॅग्नेटोमीटर नावाचं उपकरण लांब दोरीने जहाजाच्या मागे ओढतात. जहाज पोलादाचं असतं, त्याचं स्वतःचं चुंबकत्व मोजमापात मिसळू नये म्हणून उपकरण शेकडो मीटर मागे ठेवावं लागतं. मिळणारा संकेत अगदी नाजूक असतो, पृथ्वीच्या एकूण क्षेत्राच्या एखादा टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी. सूर्यामुळे दिवसभरात क्षेत्र बदलतं, तेही वजा करावं लागतं.

नोव्हेंबर १९६२मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश सर्वेक्षण-जहाजाने कार्ल्सबर्ग रांगेच्या एका छोट्या भागाची अशी बारकाईने मोजणी केली. तिथे केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज होते. परतल्यावर त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने आकडे तपासायला घेतले. त्या भागात पाण्याखालचे दोन ज्वालामुखी होते. एक आजच्या दिशेने चुंबकित झालेला, दुसरा बरोबर उलट दिशेने. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सप्टेंबर १९६३मध्ये मांडणी केली: रांगेच्या माथ्यावर सतत नवा तळ तयार होत असेल आणि पृथ्वीचं क्षेत्र मधूनमधून उलटत असेल, तर रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे समांतर पट्टे असायलाच हवेत. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनीही स्वतंत्रपणे हेच सुचवलं होतं. त्यांचा लेख दोन नियतकालिकांनी नाकारला. श्रेय वाटताना त्यांचं नाव विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग १९६६मध्ये ‘एल्टॅनिन’ जहाजाने प्रशांत महासागराच्या दक्षिण भागात घेतलेली एक नोंद पुढे आली. रांगेच्या डावीकडचा आलेख उजवीकडच्या आलेखावर जवळजवळ तंतोतंत बसत होता. निव्वळ योगायोगाने असं होणं शक्य नव्हतं.

पट्ट्यांवरून वेग काढायला साधा भागाकार पुरतो. समजा, ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीच्या उलटापालटीची सीमा माथ्यापासून १० किलोमीटरवर सापडली. म्हणजे त्या बाजूचा तळ वर्षाला साधारण १.३ सेंटीमीटर सरकला. दोन्ही बाजू मिळून अडीच सेंटीमीटर. लाव्हाच्या वयांवरून उलटापालटींचं वेळापत्रक तयार झालं आणि दूरदूरचे पट्टे ओळखता येऊ लागले, तसा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा वेगही असाच काढता आला. वर कितीही गाळ साचलेला असला तरी फारसं बिघडत नाही, कारण गाळाचं चुंबकत्व क्षीण असतं आणि खालच्या बेसाल्टचा संकेत त्यातून वर येतो.

भारताच्या प्रवासाचं वेळापत्रक

हे पट्टे एकामागून एक मिटवत मागे गेलं की पूर्वीचा नकाशा तयार होतो. सर्वांत नवा पट्टा काढून टाकायचा आणि दोन्ही बाजूंचा तळ पुन्हा जोडायचा, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. डॅन मॅकेन्झी आणि जॉन स्क्लेटर यांनी १९७१मध्ये हिंदी महासागराचा असा इतिहास मांडला. नंतरच्या सर्वेक्षणांनी तो पुष्कळ सुधारला.

त्यातून दिसतं ते असं. गोंडवन या महाखंडातून निघालेला भारत आधी अंटार्क्टिकापासून सुटला. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्कर त्याच्यापासून वेगळं होऊ लागलं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे प्रचंड थर पसरले. त्यानंतर थोड्याच काळात, भूशास्त्राच्या हिशेबाने थोडाच, म्हणजे सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा सुटला. ज्या फटीतून तो सुटला तीच आजची कार्ल्सबर्ग रांग. आपला पश्चिम किनारा म्हणजे या फाटण्याची एक कड आहे, आणि दुसरी कड सेशेल्सकडे आहे.

याच सुमारास भारत विलक्षण वेगाने उत्तरेकडे जात होता, वर्षाला १५ सेंटीमीटरहून अधिक. आज बहुतेक भूपट्ट याच्या निम्म्यानेही सरकत नाहीत. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी हा वेग झपाट्याने उतरला. पट्टे अचानक अरुंद होतात ते त्यामुळे. भारत आशियाला भिडल्याची नोंद हिमालयात तर आहेच, पण तिचा काळ ठरवायला हिमालयापासून हजारो किलोमीटर दूरच्या या समुद्रतळाची मोठी मदत झाली.

प्रवासाची आणखी एक खूण आहे. पृथ्वीच्या पोटातून तप्त खडकाचा झोत काही ठिकाणी जवळजवळ एकाच जागी वर येत राहतो. अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात. भूपट्ट त्याच्यावरून सरकत जातो आणि ज्वालामुखींची रांग मागे उरते. दख्खनच्या लाव्हाशी ज्याचा संबंध जोडतात तो तप्तबिंदू आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. मधली माळ पाहिली की ओळ लागते: दख्खन ६ कोटी ६० लाख वर्षं, मालदीवखालचा खडक सुमारे ५ कोटी ७० लाख, चागोस सुमारे ४ कोटी ९० लाख, मॉरिशस ८० लाखांच्या आसपास. लक्षद्वीपची प्रवाळबेटंही याच रांगेवर बसलेली आहेत.

सगळं असं उलगडत नाही, हेही सांगायला हवं. सुमारे १२ कोटी १० लाख ते ८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटलंच नाही. त्या काळात तयार झालेल्या तळावर पट्टेच नाहीत. बंगालच्या उपसागराचा मोठा भाग या अडचणीत सापडतो, वर गाळाचा जगातला सर्वांत मोठा पसारा आहेच. म्हणून पूर्व किनाऱ्याचा इतिहास पश्चिमेइतका स्वच्छ वाचता येत नाही आणि तिथे आजही मतभेद आहेत.

गाळाच्या आत डोकावताना

खोली मोजणारा आवाज तळावरून परत फिरतो. तळाच्या आत शिरायचं तर जास्त ताकदीचा आणि खर्जातला आवाज लागतो. त्यासाठी दाबलेल्या हवेचा फुगा पाण्यात एकदम सोडतात. या यंत्राला एअरगन म्हणतात. जहाजाच्या मागे कित्येक किलोमीटर लांबीची केबल तरंगत असते आणि तिच्यात पाण्यातले मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, ओळीने बसवलेले असतात. दर काही सेकंदांनी ठोका पडतो. गाळाच्या प्रत्येक थराच्या सीमेवरून थोडा आवाज परत येतो, उरलेला आणखी खाली जातो. हजारो ठोक्यांचे प्रतिध्वनी जुळवले की तळाचा उभा छेद समोर येतो: कुठे थर सपाट, कुठे वाकलेले, कुठे तुटलेले.

याहून खोलवर जायचं असेल तर तळावर भूकंपमापक ठेवून येतात. आवाज खडकातून आडवा किती वेगाने गेला हे त्यांवर नोंदलं जातं. गाळात वेग कमी, समुद्राखालच्या भूकवचात तो सेकंदाला ७ किलोमीटरपर्यंत, आणि त्याखालच्या प्रावरणात सुमारे ८. महासागराखालचं भूकवच अवघं सहा-सात किलोमीटर जाड असतं, खंडांखाली ते तीस-चाळीस किलोमीटर भरतं. पश्चिम किनाऱ्यापासून दूर समुद्रात ‘लक्ष्मी’ नावाचा एक बुडालेला उंचवटा आहे. तो खंडाचाच सुटलेला तुकडा आहे का, हा वाद अशाच जाडीच्या आणि वेगाच्या आकड्यांवर चालतो.

याच तंत्राने पश्चिम किनाऱ्यासमोर एक थक्क करणारी गोष्ट सापडली. गाळाच्या शिस्तीत रचलेल्या थरांमध्ये एक जाड, विस्कटलेला पट्टा. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी समुद्राखालचा उतार कोसळला होता आणि दरड शेकडो किलोमीटर वाहत गेली होती. तिला ‘नटराज’ असं नाव दिलं आहे. २०१५मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने लक्ष्मी खोऱ्यात छिद्रं पाडली आणि त्या दरडीचा माल प्रत्यक्ष वर आणला.

उपग्रह असताना जहाजं कशाला?

उपग्रहांनी खूप काही दिलं आहे, पण ते तळ पाहत नाहीत. ते समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजतात. पाण्याखालचा डोंगर आपल्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचं पाणी स्वतःकडे खेचतो. दोन किलोमीटर उंचीच्या डोंगरावर समुद्राचा पृष्ठभाग साधारण दोन मीटर फुगलेला असतो. लाटा आणि भरती-ओहोटी वजा करून हा फुगवटा मोजला की खाली डोंगर आहे असा अंदाज करता येतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर समुद्राचा पृष्ठभाग अपेक्षित पातळीपेक्षा तब्बल १०० मीटरांहून अधिक खाली आहे. तिथे खोल प्रावरणातल्या फरकांमुळे गुरुत्व कमी पडतं.

या पद्धतीत बारकावा मिळत नाही. कित्येक किलोमीटरांहून लहान गोष्टी त्यात विरघळून जातात. मल्टिबीमचा एक अंश रुंदीचा किरण ४ किलोमीटर खोलीवर सुमारे ७० मीटरचा ठसा उमटवतो. २०१४मध्ये मलेशियन विमान एमएच३७० बेपत्ता झालं. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात त्याचा शोध सुरू करण्याआधी तळ नव्याने मोजावा लागला. जुन्या नकाशांच्या भरवशावर शोधयंत्रं खाली सोडली असती, तर ती कड्यांवर आपटली असती. विमान सापडलं नाही, पण त्या भागातल्या पर्वतरांगा आणि दऱ्या प्रथमच स्पष्ट झाल्या. जगाच्या समुद्रतळाचा आजवर पाव भागाहून थोडाच जास्त भाग अशा थेट मोजणीने नकाशावर आला आहे.

हा सगळा अंदाजच नाही का?

शंका रास्त आहे. गुरुत्वाचा एकच आकडा वरवरच्या लहान जड खडकामुळेही येऊ शकतो आणि खोलवरच्या मोठ्या वस्तुमानामुळेही. छेदातला विस्कटलेला थर दरडीचाही असू शकतो आणि लाव्हाचाही. एकटं कुठलंही उपकरण पुरेसं नाही. म्हणून एकाच जहाजावर सोनार, मॅग्नेटोमीटर, गुरुत्वमापक अशी वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी साधनं एकत्र नेतात आणि सगळ्यांना पटेल असंच चित्र स्वीकारतात.

शिवाय खडक वर आणून तपासता येतो. १९६८मध्ये ‘ग्लोमर चॅलेंजर’ या जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये रांगेपासून वाढत्या अंतरांवर छिद्रं पाडली. गाळाच्या सर्वांत खालच्या थरातल्या सूक्ष्म जीवाश्मांचं वय रांगेपासूनच्या अंतराबरोबर वाढत गेलं, आणि तेही चुंबकीय पट्ट्यांवरून वर्तवलं होतं तसंच. जीवाश्मांना चुंबकत्वाशी काही देणंघेणं नाही. तरी उत्तर एकच आलं. आता तर जमिनीवरच्या जीपीएस केंद्रांवरून भूपट्टांची आजची गती वर्षावर्षाला मोजता येते आणि पट्ट्यांवरून काढलेल्या गतींशी ती बहुतेक ठिकाणी चांगली जुळते.

आवाजाने देवमाशांना त्रास होत नाही?

होतो, आणि हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा मुळीच नाही. एअरगनचा खर्जातला आवाज दूरवर जातो आणि मोठे देवमासे ज्या आवाजात एकमेकांशी संपर्क ठेवतात त्याच पट्टीत तो असतो. अरबी समुद्रातले कुबड देवमासे इतरांसारखे दरवर्षी दूर स्थलांतर करत नाहीत, इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे.

म्हणून अनेक देशांच्या नियमांनुसार ठोका एकदम पूर्ण ताकदीने न देता हळूहळू वाढवतात, निरीक्षक पाण्यावर नजर ठेवतात, आणि ठरावीक अंतरात देवमासा दिसला तर यंत्र थांबवतात. यामुळे धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. त्यामुळे एअरगन गरजेपुरतीच वापरावी, प्रजननाच्या काळात टाळावी, आणि एकाच भागाची पुन्हा-पुन्हा सर्वेक्षणं करण्यापेक्षा आधीची माहिती सर्वांना खुली करावी, असं माझं मत आहे. मॅग्नेटोमीटर आणि गुरुत्वमापक तर आवाजच करत नाहीत.

जमिनीवरच्या माणसाचा याच्याशी काय संबंध?

सर्वांत जवळचा संबंध त्सुनामीचा. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या. तिथे अरबी भूपट्ट आशियाखाली घुसतो आहे. हा घुसणारा पृष्ठभाग किती तिरका, कुठे अडकलेला, वर गाळ किती, हे कंपन-सर्वेक्षणातूनच कळतं. त्सुनामीचा वेगही खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोल समुद्रात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटरने जाते, उथळ पाण्यात मंदावते आणि उंच होते. खोलीचा नकाशा चुकला, तर इशाऱ्याची वेळही चुकते.

भूपट्टाच्या मधला भाग शांत असतो, हा समजही हिंदी महासागराने मोडला. भारताच्या दक्षिणेला तळ शेकडो किलोमीटर लांबीच्या लाटांत वाकलेला आहे, हे छेदांमध्ये आधीच दिसलं होतं. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेला, भूपट्टाच्या आतच, ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आडव्या सरकण्याने झालेल्या भूकंपांत इतका मोठा आधी कधी नोंदला गेला नव्हता.

हक्कांचा प्रश्नही आहे. २०० सागरी मैलांपलीकडच्या समुद्रतळावर देशाला दावा करायचा असेल, तर आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार खंडाच्या उताराचा पायथा आणि गाळाची जाडी पुराव्याने दाखवावी लागते. भारताने मे २००९मध्ये असा दावा दाखल केला, आणि तो सर्वेक्षणांच्या आधारेच उभा राहू शकतो.

मग खनिजं तिथेच का?

रांगेच्या माथ्यावर तळाला भेगा असतात. समुद्राचं थंड पाणी त्यांतून आत मुरतं, खालच्या शिलारसाजवळ ३५० अंश सेल्सियसच्या वर तापतं, खडकातले धातू विरघळवून घेतं आणि झऱ्यासारखं उसळून बाहेर येतं. थंड पाण्याशी गाठ पडताच धातू गंधकाबरोबर साका होऊन खाली बसतात आणि उंच सुळके तयार होतात. समुद्रतळावरचे गरम पाण्याचे झरे प्रथम १९७७मध्ये प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांजवळ पाहिले गेले. म्हणून कार्ल्सबर्गवर शोध घ्यायचा तो भेगा, ताजा लाव्हा आणि गरम पाणी यांचा. आधी जहाजावरून विस्तृत नकाशा, मग तळाजवळून पोहणारी स्वयंचलित यानं, पाण्यातल्या उष्णतेची आणि रसायनांची तपासणी, आणि शेवटी नमुने. चुंबकत्व इथेही कामी येतं: गरम पाण्याने शिजलेल्या बेसाल्टचं चुंबकत्व बऱ्याचदा नष्ट होतं, म्हणून पट्ट्यात मध्येच पडलेली फिकी जागा ही झऱ्याची खूण असू शकते.

करार शोधाचा आहे, खाणकामाचा नाही. खोल समुद्रातलं खाणकाम कसं करावं याचे आंतरराष्ट्रीय नियम या करारापर्यंत पक्के झालेले नव्हते. शोध घेणाऱ्यावर तिथल्या जीवसृष्टीची मूळ स्थिती नोंदवण्याचं बंधन असतं. कार्ल्सबर्गच्या दक्षिणेला, याच रांगेच्या पुढच्या भागात, पायावर लोहयुक्त खवले असलेली एक गोगलगाय २००१मध्ये सापडली. ती गरम झऱ्यांजवळच्या मोजक्या जागांवरच जगते. २०१९मध्ये खाणकामाच्या संभाव्य धोक्यामुळे तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या लाल यादीत झाली. खनिजांचा नकाशा तयार होईल त्याच फेऱ्यांत अशा जीवांचा नकाशाही तयार व्हायला हवा, आणि दोन्ही नकाशे लोकांपुढे यायला हवेत.